चंद्री खारीच्या यादीला कुलूप

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात एक मोहाचं झाड होतं आणि त्या झाडाच्या ढोलीत एक कॉम्प्युटर होता. तो तिथे कसा आला, असं विचारू नका. गोष्टीत सिंह बोलतो तेव्हा तुम्ही काही विचारत नाही.

कॉम्प्युटर चंद्री खारीचा होता. चंद्री फार कष्टाळू, पण विसरभोळी. सगळ्याच खारी तशा असतात. उन्हाळाभर बिया गोळा करायच्या, इथे तिथे पुरायच्या आणि पावसाळ्यात डोकं खाजवत बसायचं. चंद्रीने यावर उपाय शोधला होता. बी पुरलं की ती धावत ढोलीत यायची आणि लिहून ठेवायची. 'काळ्या खडकामागे, काजू.' 'वाकड्या बिब्ब्याच्या मुळाशी, चारोळ्या.' अशी लांबलचक यादी झाली होती. तिची तीन पिल्लं पावसाळ्याचे चार महिने त्या यादीवरच जगायची.

कॉम्प्युटरमध्ये 'घरटे आवृत्ती' होती. अगदी साधी. चालू व्हायची, यादी दाखवायची, बंद व्हायची. चंद्रीची तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार असायला हवी, हे तिला पुढे सांगण्यात आलं.

एक दिवस राघूभाऊ पोपट समोरच्या फांदीवर येऊन बसले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं.

"चंद्रीताई, तुम्ही अजून घरटे आवृत्तीच वापरता?"

"हो. का बरं?"

"काही नाही. सहज विचारलं." राघूभाऊंनी मान वळवून दुसरीकडे पाहिलं. "घुबडकाकांनी कालच गुहा आवृत्ती घेतली."

"काका त्यात काय करतात?"

"ते माहीत नाही. पण घेतली."

मग राघूभाऊ जरा जवळ सरकले.

"घरटे आवृत्तीला कुलूप नसतं, ताई. उद्या कुणी येऊन तुमची यादी वाचली तर?"

चंद्रीने खाली पाहिलं. बुंध्याशी उंदीरमामा मिशा पुसत बसला होता. अधूनमधून तिचं एखादं बी जागेवरून गायब व्हायचं आणि नेमकी त्याच दिवशी मामाला भूक नसायची.

"गुहा आवृत्तीला कुलूप असतं?" तिने हळूच विचारलं.

"असं कुलूप, की खुद्द मालकालाही उघडता येणार नाही." राघूभाऊ थांबले. "म्हणजे, किल्ली नसेल तर."

परवाना पिंपळाच्या चाळीस पानांवर लिहिलेला होता. चंद्रीने पहिलं पान वाचलं, शेवटचं पान वाचलं आणि मधल्या पानांचा वास घेतला.

"आणि नाही आवडली, तर पुन्हा घरटं बसवता येईल ना?"

"येईल की. आतलं सगळं पुसून मग बसवायचं." हे वाक्य राघूभाऊ जरा भराभर बोलले. "इथे पंजा उठवा."

चंद्रीने पंजा उठवला.

गुहा आवृत्ती बसली. पडद्यावर घरट्याऐवजी गुहेचं चित्र आलं. बाकी सगळं होतं तसंच होतं, फक्त थोडं सावकाश. राघूभाऊंनी तिच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. तिच्यावर पुष्कळ आकडे होते.

"ही कुलपाची किल्ली. एरवी लागणार नाही. पण कॉम्प्युटरने कधी ओळख विचारली, तर हेच आकडे द्यायचे. फार जपून ठेवा."

आता मुलांनो, खार एखादी वस्तू फार जपून कशी ठेवते?

बरोबर. चंद्री खाली उतरली, चांगली जागा बघितली, चिठ्ठी पुरली, वरून माती थोपटली. मग सवयीप्रमाणे धावत ढोलीत आली आणि यादीच्या शेवटी लिहिलं, 'कुलपाची किल्ली' आणि त्यापुढे जागा. कुठली जागा, ते मलाही सांगता येणार नाही. ते यादीत आहे.

मग तिने यादीला कुलूप लावलं.

पावसाळा लागला. चार दिवस झड थांबेना. ढोलीतले वरखर्चाचे दाणे संपले. चंद्री यादी उघडायला गेली. नेमकं त्याच वेळी कॉम्प्युटरने स्वतःहून काहीतरी सुधारणा करून घेतल्या, तो बंद झाला, चालू झाला आणि म्हणाला, 'आपली ओळख पटत नाही. किल्ली द्या.'

"अरे, मी चंद्री," चंद्री म्हणाली.

'किल्ली द्या.'

पिल्लं ओळीने बसून बघत होती. चंद्रीने ओल्या शेपटीने राघूभाऊंची फांदी गाठली.

"आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे," राघूभाऊ म्हणाले. "बंद करून पुन्हा चालू केलंत का?"

"तसं केल्यावरच बिघडलं."

"किल्ली कुठे ठेवलीत?"

"पुरली."

"कुठे?"

"यादीत लिहिलंय."

"मग यादी बघा ना."

चंद्रीने शेपटीतलं पाणी पिळलं. बऱ्याच वेळाने राघूभाऊंच्या लक्षात आलं.

"दोन उपाय आहेत," ते म्हणाले. "एक, सगळं पुसून घरटे आवृत्ती. दोन, सिंह आवृत्ती. तिला दोन कुलपं असतात."

चंद्री परत आली आणि बुंध्याशी बसून रडायला लागली. धाकटं पिल्लू वरून विचारत होतं, "आई, काजूचं पान उघडलं का?"

उंदीरमामाने बिळातून डोकं बाहेर काढलं.

"काय झालं गं पोरी?"

चंद्रीने सगळं सांगितलं. कुलूप कुणाच्या भीतीने लावलं, तेवढं गाळलं.

मामा थोडा वेळ मिशी चावत राहिला. "काळ्या खडकामागे काजू आहेत," तो म्हणाला. "वाकड्या बिब्ब्याशी चारोळ्या. पळसाखाली शेंगदाणे होते. आता नाहीत, त्याचं जाऊ दे."

"मामा, तू माझी यादी वाचलीस?"

"मला कुठे वाचता येतं? तू पुरतेस तेव्हा मी बघत असतो. आणि नाक आहे की मला."

दोघं निघाली. मामा हुंगायचा, चंद्री उकरायची. दर खड्ड्यातलं एक बी मामा न विचारता गालात घालायचा आणि चंद्री दुसरीकडे बघायची. संध्याकाळी पिल्लं पोटभर जेवली.

सातव्या खड्ड्यात चिठ्ठी निघाली.

"हे काय? ना चव, ना वास," मामा म्हणाला. "मी तेव्हाच उकरून परत ठेवलं होतं."

चंद्रीने आकडे दिले. यादी उघडली. काही कमी नाही, काही जास्त नाही. फक्त आता तिच्यातली अर्ध्या बिया घरात होत्या आणि थोड्या मामाच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी राघूभाऊ आले. "कुलपाबद्दल अभिप्राय हवा होता. किल्लीशिवाय यादी एकदा तरी कुणाला वाचता आली का?"

"नाही," चंद्री खरं तेच बोलली.

राघूभाऊंनी 'ग्राहक समाधानी' असं लिहून घेतलं. आता सिंह आवृत्ती खपवताना ते घुबडकाकांना हा दाखला देतात.

चंद्री अजून गुहा आवृत्तीच वापरते. परवान्याची चाळीस पानं तिने ढोलीत अंथरली आहेत, ऊब चांगली येते. किल्ली मात्र ती आता पुरत नाही. उंदीरमामाकडे ठेवायला दिली आहे.

तात्पर्य: मुलांनो, कुलूप नेहमी नवीन घ्यावे. चोर मात्र जुनाच ठेवावा.