तेवढं बघून घ्या

हिंजवडीच्या चौकात कंपनीची बस पाऊण तास एकाच बिल्डरच्या फलकासमोर उभी होती, तेव्हा पूर्णिमा टेंबे यांनी फोन तोंडाशी धरून खराडीच्या ऑफिसात व्यवस्था बघणाऱ्या रणजितला निरोप पाठवला. "रणजित, शनिवारचे जपानी पाहुणे एकटेच गातात. त्यांच्याबरोबर बँड नसेल, तेवढं जरा बघून घ्या. त्यांचं एक गाणं पाठवते, ऐकून ठेवा." मग त्यांनी गाण्याची लिंक पाठवली आणि एक काम मार्गी लागल्याच्या समाधानात डोळे मिटले.

पूर्णिमाबाई बावीस वर्षं जपानीच्या दुभाषी होत्या. पंपांच्या पुस्तिका, करारातली कलमं, टोकियोच्या साहेबांनी चेहरा न हलवता केलेले विनोद, सगळं त्यांनी इकडचं तिकडे बिनचूक पोचवलं होतं. चूक झाली ती मराठीतून मराठीत सांगताना. त्यांना म्हणायचं होतं, की मंचावर वादकांच्या खुर्च्या मांडू नका. रणजितने ऐकलं ते असं, की बिचाऱ्या पाहुण्याकडे बँड नाही, त्याची सोय करायची आहे.

रणजित मूळचा खराडीचाच. जिथे आज कंपनीची हिरवळ होती तिथे त्याच्या आजोबांची ज्वारी उभी असायची. पाहुणा आपल्या गावात येतोय आणि त्याच्यापुढे वाजायला बँड नाही, ही त्याला घरचीच नाचक्की वाटली. तो त्याच दुपारी मंडईजवळच्या करीमभाईंच्या दुकानात गेला आणि वीस माणसांचा ब्रास बँड ठरवून आला. येताना पूर्णिमाबाईंनी पाठवलेलं गाणंही देऊन आला.

पाहुण्याचं नाव शुन्जी कुराता. वय अठ्ठावन्न. टोकियोच्या ग्राहक कंपनीशी व्यवहार सुरू होऊन वीस वर्षं झाली म्हणून समारंभ होता, आणि त्या कंपनीचे अध्यक्ष तरुणपणी कुरातांच्या तिकिटांसाठी रांगेत उभे राहिलेले होते. पूर्णिमाबाई रांगेत उभ्या राहिल्या नव्हत्या, पण टिळक रोडवरच्या जपानीच्या वर्गात सरांनी टेपवर त्यांचं एक गाणं ऐकवलं होतं. 'चौथा मजला' नावाचं. रस्त्यावर उभा राहून एक मुलगा चौथ्या मजल्यावरच्या मुलीला हाका मारतो आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक त्याला ओरडतात, एवढीच गोष्ट. ते गाणं पूर्ण समजावं म्हणून त्यांनी पुढची परीक्षा दिली होती, आणि मग भाषेतून बाहेर पडायचं राहूनच गेलं.

शनिवारचा कार्यक्रम दुभाषी म्हणून पूर्णिमाबाईंचा शेवटचा होता. महिन्यापूर्वी मनुष्यबळ विभागाच्या शेफालीने त्यांना कॉफी पाजली होती. शेफाली कॉफी पाजते म्हणजे काहीतरी काढून घेते, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं. "मॅम, आपण ट्रान्सलेशनचं ॲप घेतोय. पुढच्या महिन्यापासून मीटिंग्ज तेच करणार. तुम्ही पुस्तिका चेक करा, आरामात. घरूनसुद्धा चालेल."

"आरामात मी रविवारी असते," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "बाकीचे दिवस काम करते."

शुक्रवारी विमानतळावर त्यांनी कुरातांना घेतलं. बारीक अंगाचे, पांढऱ्या केसांचे, गिटारची पेटी स्वतःच उचलणारे गृहस्थ. गाडी येरवड्याला अडकली तशी ते बोलू लागले. एकोणिसाव्या वर्षी ओसाकात चौघांनी मिळून गाणी सुरू केली. सव्विसाव्या वर्षी ते बाहेर पडले, कारण ढोलकवाला नेहमी उशिरा यायचा. तालमीलाही आणि तालावरही. तेव्हापासून एकटे. आधी दहा हजारांची सभागृहं भरली. मग केस जांभळे केले, तेव्हा पाच हजारांची. मग तीन वर्षं नुसता पियानो वाजवला. आता गिटार, एक लॅपटॉप आणि चाळीस खुर्च्यांची उपाहारगृहं.

"बत्तीस वर्षांत मी कोणासाठी थांबलो नाही," ते म्हणाले. "आता कोणी माझ्यासाठी थांबत नाही. उद्याचा कार्यक्रम शेवटचा. मेव्हण्याचं चष्म्याचं दुकान आहे. सोमवारपासून तिथे बसणार. कृपा करून कोणाला सांगू नका."

पूर्णिमाबाईंनी मान डोलावली. उद्याच्या मंचावर दोघांचाही शेवटचाच कार्यक्रम आहे, हे काही त्या बोलल्या नाहीत.

शनिवारी साडेचारला गाडी कंपनीच्या फाटकाशी आली, तर फाटकाच्या आत लाल डगले आणि सोनेरी झालरी घातलेली वीस माणसं दोन रांगांत उभी होती. मागे चार चाकांची गाडी, तिच्यावर कर्णे आणि रंगीत दिव्यांचं मोराचं चित्र. कुरातांच्या गाडीचं दार उघडलं, समोरच्या पांढऱ्या दाढीवाल्या गृहस्थांनी हात वर केला आणि वीसही वाद्यं एकदम वाजू लागली.

"हे काय आहे, रणजित?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"बँड हाय, मॅडम."

"ते दिसतंय. कशासाठी आहे?"

"तुम्हीच म्हणला होता की. पाहुण्याबरोबर बँड नसंल, तेवढं बघून घ्या. बघितलं."

पूर्णिमाबाईंनी आपला निरोप मनात पुन्हा ऐकला आणि रणजितची खोट काढायला जागा सापडली नाही. "बरं," त्या म्हणाल्या, "आता यांना पाणी द्या, आभार माना आणि जाऊ द्या. साहेब एकटेच गातील. स्पीकर कुठे लावलेत?"

"स्पीकर न्हाईत."

"म्हणजे?"

रणजितने खिशातून कागद काढला. कार्यक्रम हिरवळीवर होता आणि हिरवळीला लागून एक सात मजली सोसायटी होती. तिच्या सचिवांनी लेखी कळवलं होतं : 'एकतर स्पीकर, नाहीतर बँड. दोन्ही असल्यास तक्रार करू. एकच असल्यास नुसती नापसंती.' बँड ठरला होता, म्हणून रणजितने स्पीकरवाल्याला परवाच नको म्हणून सांगितलं होतं. स्पीकर नाहीत म्हणजे गिटार वाजली तरी ती वाजवणाऱ्यालाच ऐकू जाणार होती, आणि लॅपटॉपमधलं संगीत लॅपटॉपलाच.

तेवढ्यात शेफाली धावत आली. हिरवळीवर तीनशे माणसं बसली होती, पहिल्या रांगेत टोकियोचे अध्यक्ष होते. काय झालं ते ऐकून तिने डोक्याला हात लावला. "मॅम, हे कोण निस्तरणार?"

"चूक माझी आहे," पूर्णिमाबाई म्हणाल्या. "मीच निस्तरते." त्या कुरातांकडे वळल्या. इतका वेळ ते गाडीच्या दाराला धरून उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळत नव्हतं. तेव्हा कुठे पूर्णिमाबाईंच्या लक्षात आलं, की बँड काय वाजवतोय. तो 'चौथा मजला' वाजवत होता. करीमभाईंना मिळालेलं एकुलतं एक गाणं. चौघांच्या काळातलं, कुरातांनी बत्तीस वर्षं न गायलेलं.

"वेग चुकलाय," कुराता जपानीत म्हणाले. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "पण ढोलकवाला वेळेवर आहे."

बँड थांबला. ते पांढऱ्या दाढीवाले करीमभाई पुढे आले आणि पूर्णिमाबाईंना म्हणाले, "ताई, साहेबांना सांगा, गाणं झकास आहे. दोन दिवस कानाने उचललं. काही चुकलं असेल तर माफी. आणि त्यांनी गावं, आम्ही मागे वाजवू. आपल्या धंद्यात पहिली शिकवण एकच. वरातीत घोडा चालला की चालायचं, घोडा थांबला की थांबायचं. आज हे साहेब आमचा घोडा."

पूर्णिमाबाई तोंड उघडणार, तोच शेफालीने फोन पुढे केला. "थांबा मॅम, ॲप आहे ना. ऑफिशियल ट्रायल होऊन जाईल." फोनमधल्या बाईने गोड आवाजात जपानीत वाक्य म्हटलं. कुरातांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी करीमभाईंकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं आणि पूर्णिमाबाईंना हळूच विचारलं, "या गृहस्थांना घोड्याशी लग्न करायचं आहे?"

"नाही," पूर्णिमाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. नवरदेव, वरात, घोडा, चालणं आणि थांबणं. शेवटचं वाक्य सांगताना त्या क्षणभर अडखळल्या. मोठ्या कलावंताला घोडा कसं म्हणायचं? 'आम्ही आपल्यामागे येऊ' असं सभ्य भाषांतर तयार होतं. पण करीमभाई म्हणाले होते ते तसं नव्हतं. "ते म्हणतात," त्या म्हणाल्या, "आज आपण त्यांचा घोडा आहात. आपण थांबलात तर वीस माणसं थांबतील."

कुरातांनी पेटी उघडली, गिटार काढली आणि मोराच्या गाडीकडे बोट करून विचारलं, तिला गिटारची वायर जोडता येईल का.

"पण ती गाडी म्हणजे स्पीकरच झाला," पूर्णिमाबाई रणजितला म्हणाल्या. "सोसायटीचं काय?"

"ती गाडी बँडचाच भाग हाय, मॅडम," रणजित म्हणाला. "घोड्याची शेपटी काय वेगळी मोजत्यात का?"

गिटारचा आवाज पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी कोंडावी तसा आला. पूर्णिमाबाईंना वाटलं, आता संपलं. कुरातांनी मात्र पुन्हा एकदा तार छेडून ऐकली. "एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे असाच डबा होता," ते म्हणाले.

मंचावर न जाताच गाणं सुरू झालं. कुराता फाटकापासून गात निघाले, शेजारून मोराची गाडी आणि बँड मागून. पहिल्या कडव्यात ते नेहमीच्या सवयीने पुढे पळाले, बँड धापा टाकत मागे धावला. दुसऱ्या कडव्याआधी ते मुद्दामच थांबले. वीसही माणसं थांबली. पूर्णपणे, एका श्वासात. कुरातांनी मागे वळून पाहिलं. करीमभाई हात वर धरून शांतपणे वाट बघत होते. कुराता दोन पावलं चालले. दोन पावलांपुरता बँड वाजला आणि थांबला. अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस मग लहान मुलासारखा तीन-चारदा चालला आणि थांबला. तीनशे माणसं हसायला लागली आणि टोकियोचे अध्यक्ष खुर्चीवरून उठून उभे राहिले.

सोसायटीचे सज्जे एव्हाना भरले होते. पूर्णिमाबाई मोराच्या गाडीचा माईक तोंडाशी धरून ओळीओळीचा मराठी अर्थ सांगत होत्या, आणि मुलगा चौथ्या मजल्याला हाका मारतो हे कळल्यावर लोकांनी सज्ज्यांकडे माना वळवल्या. कुरातांनीही वळवली. चौथ्या मजल्यावर बनियन घातलेले एक गृहस्थ कठड्याला टेकून उभे होते. जपानचा गायक दोन्ही हात पसरून त्यांना विनवू लागला. गृहस्थ आधी आत गेले. मग सदरा घालून पुन्हा बाहेर आले.

गाणं सलग चार वेळा झालं. बँडला दुसरं येत नव्हतं.

सोमवारी कंपनीत सोसायटीचं पत्र आलं. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थच सचिव होते. 'शनिवारची नापसंती मागे घेत आहोत. ही सवलत एकदाच.' त्याच दिवशी कुरातांकडून घोड्याची गोष्ट ऐकलेल्या टोकियोच्या अध्यक्षांची मेल आली : वीस वर्षांत एवढा चांगला समारंभ झाला नव्हता, आणि यापुढच्या सगळ्या बैठकांना घोड्याचं भाषांतर करणाऱ्या बाई असाव्यात. शेफालीने पूर्णिमाबाईंना पुन्हा कॉफी पाजली. या वेळी तिने काहीच काढून घेतलं नाही, उलट बिस्किटं मागवली.

कुराता मात्र त्या सोमवारी चष्म्याच्या दुकानात बसले नव्हते. ते मंडईजवळ करीमभाईंच्या दुकानात बसले होते, आणि शेजारी पूर्णिमाबाई होत्या, कारण त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती.

"साहेबांना तुमच्या बँडबरोबर नवी गाणी बसवायची आहेत," त्यांनी सांगितलं. "फेब्रुवारीत दोन महिन्यांसाठी येतो म्हणतात."

करीमभाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "फेब्रुवारीत लग्नं आहेत. तालमीला वेळ नाही. शिकायचं तर वरातीत यावं लागेल. ड्रेस घालावा लागेल. आणि ताई, नीट सांगा, नवा माणूस आमच्यात मागच्या रांगेत चालतो."

पूर्णिमाबाईंनी शब्द न् शब्द नीट सांगितला. कुराता उभे राहिले आणि कमरेतून वाकले.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी खराडीत रणजितच्या चुलतभावाची वरात निघाली. मागच्या रांगेत, मोराच्या गाडीला गिटारची वायर जोडून, लाल डगला घातलेला एक पांढऱ्या केसांचा माणूस घामाघूम होऊन वाजवत होता. त्याच्या बाजूने पैठणी सावरत पूर्णिमाबाई चालत होत्या आणि वळण आलं की जपानीत डावीकडे-उजवीकडे सांगत होत्या. नवऱ्या मुलाच्या मामांनी दोन-तीनदा मागे वळून पाहिलं आणि शेवटी ते करीमभाईंच्या कानाशी आले.

"तो मागचा कोण? एका कडव्यात दोनदा पुढं पळाला."

"नवा आहे," करीमभाई म्हणाले. "घरात एकटाच वाजवायचा. हात चांगला आहे, सुधारेल."