सैनिकाचं घर, टायटल क्लिअर

जगन्नाथ मांजरेकर हा अबुधाबीजवळच्या मुसफ्फातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा फोरमन. त्याचा धाकटा भाऊ रणजित सैन्यात सुभेदार, सध्या बर्फात कुठेतरी; नेमका कुठे, हे सांगायची रणजितला परवानगी नव्हती. रत्नागिरीत रणजितचा फ्लॅट होता, चौथ्या मजल्यावर, हॉलच्या खिडकीतून समुद्र दिसणारा. तिथे त्याची बायको नीलिमा आणि दोघा भावांची आई राहत. हा फ्लॅट येत्या पंधरा तारखेला लिलावात काढणार, अशी नोटीस आली होती.

पैसे नव्हते म्हणावं तर तसंही नाही. रणजितचा पगार खात्यात नेमाने जमा होत होता. पण केवायसीसाठी तो जातीने शाखेत आला नाही म्हणून बँकेने खातं गोठवलं आणि फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते थांबले. तो जिथे होता तिथून शाखेत यायचं, तर आधी शत्रूची परवानगी लागली असती.

जगन्नाथ तरीही निर्धास्त होता. हे कर्ज घरकुलश्री गृहवित्त कंपनीच्या अबुधाबीतल्या गल्फ डेस्कवरून, त्याच्याच जामिनावर घेतलेलं. करारात कलम चौदा होतं, शेजारी छोटासा तिरंगा छापलेलं: कर्जदार सैनिक तैनातीवर असेल तोवर त्याच्या घराचा लिलाव होणार नाही. हे कलम दाखवलं की काम फत्ते, अशा हिशेबाने अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो गल्फ डेस्कवर पोचला.

"माझा भाऊ सैनिक आहे," एवढं त्याने म्हणताच मॅनेजर प्रज्ञा मॅडम उभ्या राहिल्या. मागोमाग सगळा स्टाफ उभा राहिला. जगन्नाथला भरून आलं.

"वी आर सो प्राउड, सर," मॅडम बसत म्हणाल्या. "क्लॉज फोर्टीन लागू होतो ना, का नाही होणार? फक्त डिप्लॉयमेंट सर्टिफिकेट लागेल. पोस्टिंगचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट."

"मॅडम, तो पत्ता गुप्त असतो."

"तेही बरोबर आहे, सिक्युरिटी महत्त्वाची. मग सेल्फ डिक्लरेशन चालेल. 'मी ड्युटीवर असल्याने हजर राहू शकत नाही' एवढंच. फक्त ते त्यांनी इथे येऊन आमच्यासमोर साइन करायचं."

"तो इथे आला, तर मग गैरहजर कसा?"

"एक्झॅक्टली, सर. म्हणून तर या क्लॉजचा आजवर एकदाही गैरवापर झालेला नाही."

जगन्नाथने खिशातून कार्ड काढलं. "मग थकलेले हप्ते मीच भरतो. अकरा हजार दिरहम, म्हणजे अडीच लाखांच्या वर. जामीनदार आहे मी. खलास."

"जामीनदाराकडून घ्यायचं, तर कर्जदार पळून गेलाय असं सिस्टीममध्ये टाकावं लागतं." मॅडमचा आवाज कापला. "एका सैनिकाला पळपुटा म्हणायचं? आमच्या पॉलिसीत नाही बसत, सर." आणि त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

अबुधाबीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष अन्वरशेठ यांनी मात्र धीर दिला. "जगन्नाथराव, टेन्शन नही लेनेका. शनिवारी आपल्या प्रॉपर्टी एक्स्पोत तुमचा सत्कार ठेवलाय, वीरबंधू म्हणून. चारचौघांत सत्कार झाला की कंपनीवर प्रेशर येतं. इन्शाल्ला सगळं होईल."

शनिवारी जगन्नाथ मुलीला, ईराला, घेऊन गेला. त्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, टाळ्या तर मोजता येईनात. सत्काराचे प्रायोजक होते घरकुलश्री गृहवित्त. तो स्टेजवरून उतरतो न उतरतो तोच मागच्या पडद्यावर एक फोटो आला.

"बाबा, दॅट्स काकाज विंडो," ईरा म्हणाली.

खिडकी त्यांचीच होती. कठड्यावर आईने वाळत घातलेली आमसुलंसुद्धा दिसत होती. खाली लिहिलं होतं: सैनिकाचं घर. टायटल क्लिअर. मालक कायम बाहेर असल्याने वापर कमी. शनिवारी तारीख पंधरा आहे, हे सत्काराच्या आनंदात जगन्नाथ साफ विसरला होता.

मालकाच्या सन्मानार्थ सगळं सभागृह एक मिनिट उभं राहिलं. मग बसून बोली लावू लागलं. जगन्नाथने हात वर केला, तेव्हा प्रज्ञा मॅडम हळूच जवळ आल्या. "नातेवाइकांना नाही चालत, सर. आणि तुम्ही आजचे सत्कारमूर्ती."

फ्लॅट अन्वरशेठनी घेतला. "घरातल्या घरात राहिला म्हणा," ते जगन्नाथच्या खांद्यावरची शाल नीट करत म्हणाले. "वहिनींना सांगा, महिनाभर खुशाल राहा. मी काय परका आहे?"

जगन्नाथने नीलिमाला फोन लावून निरोप सांगितला. "भाऊजी, महिनाभरानं आम्ही जायचं कुठं? आई म्हणतात, रणजित आल्याशिवाय इथून हलणार नाही." जगन्नाथला रडू आलं. डोळे त्याने शालीला पुसले.

"सोल्युशन आहे, सर," बाजूला उभ्या असलेल्या प्रज्ञा मॅडम म्हणाल्या. "रत्नागिरीतच दुसरा फ्लॅट आहे. ओनर नेव्हीत, सहा महिने बोटीवर, त्यामुळे वाद घालायला कोणी येणार नाही. आज बुक केलात तर मॉड्युलर किचन फ्री."

जगन्नाथ संतापला. शाल काढून त्याने टेबलावर टाकली. फोनवर नीलिमा अजून उत्तराची वाट पाहत होती. त्याने शाल उचलली, चार घड्या घातल्या आणि मान खाली घालून विचारलं, "त्यातून समुद्र दिसतो का?"

वाचकांनी जगन्नाथला खुशाल नावं ठेवावीत. फक्त एक आहे. अन्वरशेठना तो फ्लॅट कितीला पडला, हे आम्ही मुद्दाम सांगितलेलं नाही. 'कितीला गेला?' असं ज्यांच्या मनात आधीच आलं होतं, त्यांनी कृपया एक मिनिट उभं राहावं.