डबा उघडू नका!

"यंत्र म्हणजे यंत्र! त्याला ना देव कळतो, ना दिष्ट. त्याला फक्त पाना कळतो!"

हे वाक्य निर्णा गावच्या उद्धवरावांचं. बोअरच्या मोटारीपुढं म्हणून झालं, कडबाकुट्टीपुढं म्हणून झालं, आणि सगळ्यात जास्त वेळा काशप्पापुढं. काशप्पा त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. मन्नाएखेळ्ळीला विजेच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान, आणि दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची. ती दिसली की उद्धवराव भर रस्त्यात ओरडायचे, "काशप्पा, तुज्या मोटारी करंटवर चालायल्यात का लिंबावर?" काशप्पा बिचारा हसायचा आणि चहा सांगायचा.

तर अशा या उद्धवरावांच्या घरातला कॉम्प्युटर गुरुवारी सकाळी मरगळला. ऐन गुरुवारी! दुपारी तीनला सूनबाईची, विजयश्रीची, मुलाखत होती. हुमनाबादच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायची नोकरी. मुलाखत घरूनच द्यायची, पण पडद्यावर धडा शिकवून दाखवायचा होता, म्हणून मोबाईल चालणार नाही असं शाळेनं बजावलेलं. लग्नानंतर तिनं डिग्री केली. तीन वर्षं उद्धवराव तिला रोज सकाळी स्कूटरवरून मन्नाएखेळ्ळीच्या बसला सोडायचे. थंडीत तिच्या कानाला आपला मफलर बांधून सोडायचे. या घराला लेक नव्हती. ती जागा विजयश्रीनं कधी घेतली, ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

"मामा, ह्यो हलंनाच बगा," विजयश्री रडकुंडीला आली होती. माउसचा बाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाईपर्यंत सासूबाईंची एक भाकरी भाजून होत होती.

"भिऊ नकोस! धा मिनटाचं काम हाय!" उद्धवरावांनी बाह्या सरसावल्या.

आधी बंद करून चालू केला. पाच मिनिटं पळाला, पुन्हा ठप्प! "व्होल्टेज कमी हाय," असा निकाल देऊन त्यांनी फ्रीज बंद केला, टीव्ही बंद केला, मिक्सरची पिन उपटली.

"अवो, कूट अर्धंच झालंय की!" सासूबाई, चंद्रभागाबाई, स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"पोरीच्या नोकरीपरीस कूट मोठं हाय का?"

कॉम्प्युटर तरीही ठप्पच. मग उद्धवरावांना वाटलं, याला वजन झालंय. चष्मा चढवून त्यांनी दिसेल ते पुसायला घेतलं. हरिओमच्या, म्हणजे लेकाच्या, लग्नाचे तीनशे फोटो पुसले. त्याच झपाट्यात विजयश्रीनं रात्रंदिवस खपून तयार केलेला धडाही पुसला! ती किंचाळली. अडकत अडकत चालणाऱ्या त्याच कॉम्प्युटरच्या कचरापेटीतून धडा परत काढायला पाऊण तास गेला. उद्धवराव तेवढा वेळ अंगणात जाऊन उभे राहिले.

परत आले तर चंद्रभागाबाई टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यावर ओलं फडकं ठेवून बसलेल्या. "हात लावून बगा. ताप आलाय ह्याला!"

"अगं, शॉक बसंल! काढ ते आधी!"

शेवटी काशप्पाला फोन गेला. काशप्पा पावणेदोनला आला, डब्याला कान लावला आणि म्हणाला, "अण्णा, आतला पंखा फिरंना झालाय. म्हणून तापायलंय. डबा उघडू."

आणि इथं उद्धवरावांना सोमवारची गोष्ट आठवली.

आता तुमच्यापासून काय लपवायचं! सोमवारी उद्धवराव हुमनाबादला बियाणं आणायला गेले होते. येता येता वीरभद्राच्या देवळात शिरले. "उगंच, सावलीला." तिथला चिमूटभर अंगारा त्यांनी कॅलेंडरच्या कागदात बांधून आणला आणि घरात कुणी नाही असं बघून, ती पुडी डब्याच्या मागच्या फटीतून आत सारली. यंत्राला देव कळत नाही हे खरंच आहे. पण पोरीची मुलाखत होती ना!

आणि आता तो डबा उघडायचा. तोही काशप्पासमोर! लिंबू-मिरचीवाल्या काशप्पासमोर!

"उघडू नको!" उद्धवराव आडवे झाले. "कंपनीचं सील हाय."

"नऊ वर्सं झाली की अण्णा. कसलं सील?"

"मग... आता राहुकाळ हाय! तीनपत्तोर हाय! स्क्रूला हात लावायचा न्हाई!"

काशप्पाच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. "अण्णा, तू राहुकाळ कवापासून मानायलास?"

चंद्रभागाबाईंनी नवऱ्याकडं रोखून पाहिलं. "ह्येंनी आत काय तरी लपवलंय. तंबाखू! सोडली म्हणून माज्या गळ्याची शपत घेतली होती की वो!"

क्षणभर उद्धवरावांना वाटलं, व्हय म्हणावं. तंबाखू परवडली! त्यांनी नुसतीच मान खाली घातली. बाईंनी डोळ्याला पदर लावला. घड्याळात सव्वादोन झाले.

आता विजयश्री जवळ आली आणि हळूच म्हणाली, "असू द्या मामा. तुमच्या मनात नसंल तर न्हाई उघडायचं. मी पुढल्या साली देईन मुलाखत."

एवढं ऐकलं आणि उद्धवराव डब्यासमोरून बाजूला झाले. मफलर बांधून बसच्या खिडकीतून हात हलवणारी पोर त्यांना दिसायला लागली.

"उघड रं काशप्पा," ते म्हणाले. "आत माजीच पुडी हाय. तंबाखू न्हाई, अंगारा हाय. वीरभद्राचा. हिच्यासाठी ठिवलाय. हास आता, काय हासायचं ते!"

पण काशप्पा हसला नाही. त्यानं मुकाट्यानं चार स्क्रू काढले, झाकण सरकवलं, आणि चौघांची डोकी आत वाकली.

पुडी होती. पण एका कोपऱ्यात, निमूट बसलेली. पंख्याच्या जवळपाससुद्धा नाही! पंख्याच्या मानेला मात्र कापसाचं गेजवस्त्र, देवाला घालतात ती माळ, गच्च गुंडाळलेलं, आणि भोवती हळदीच्या अक्षता!

तिघांनी चंद्रभागाबाईंकडं पाहिलं.

"परवा खंडेनवमीला... कोयता पुजला, मोटार पुजली," बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "ह्याला वरूनच घातलं असतं तर आत कसं पोचलं असतं? म्हणून भोकातून सारलं. पोरीचं हत्यार हाय ते!"

"आणि मला तंबाखूवाला म्हणायलीस!"

"तुमी कामून गप बसलाव मग?"

काशप्पानं चिमट्यानं धागा ओढून काढला, ब्रशनं अक्षता झाडल्या. पंखा भुर्रर्र फिरला! झाकण लावायच्या आधी विजयश्रीनं ती पुडी उचलली, कपाळाला लावली आणि टेपच्या तुकड्यानं त्याच कोपऱ्यात, पंख्यापासून लांब, पक्की चिकटवली. उद्धवराव भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत बसले.

तीनला दार बंद झालं. बाहेर तिघं श्वास रोखून. पावणेचारला दार उघडलं.

"घेतलं मामा! सोमवारपासून या म्हणले!"

चंद्रभागाबाईंनी तिला मिठीच मारली. काशप्पानं स्वतःच्याच घरासारखं आत जाऊन साखरेचा डबा आणला. सगळ्यांची तोंडं गोड झाल्यावर उद्धवरावांनी विचारलं, "काय काय इचारलं गं?"

"पयला प्रश्नच असा की, कॉम्प्युटर अचानक अडकायला लागला तर सगळ्यात आधी काय कराल?"

"मग?"

"म्या म्हणलं, सर, आधी घरातल्या माणसांना इचारीन, मायेनं कुणी आत काय काय ठिवलंय. लई हासले समदे!"

काशप्पा आता मात्र पोट धरधरून हसायला लागला. उद्धवराव सुनेच्या जवळ सरकले, इकडंतिकडं पाहिलं आणि तिच्या कानात पुटपुटले,

"नाव तर न्हाई ना सांगितलंस कुणाचं?"