ओला बाक

शनिवारी चर्चच्या बाकांना रंग लागला आणि रविवारी प्रभुभोजन होतं, इथेच घोळ झाला. रंगारी बद्रीनाथ मंडळीतलाच. एक डबा सगळ्या बाकांना पुरावा म्हणून त्याने रंगात सढळ हाताने तेल ओतलं, त्यात डिसेंबरची थंडी. तरी तो छातीठोकपणे म्हणाला, "सकाळपस्तोर खडखडीत!"

छावणीतल्या त्या लहानशा चर्चमध्ये कुणी कुठे बसायचं हे कुणी ठरवलं नव्हतं, म्हणूनच ते कधी बदलत नसे. पुढच्या बाकावर निवृत्त शिक्षिका मनकर्णाबाई. पलीकडच्या बाकावर पेटीवाले तात्यासाहेब. आणि दाराजवळच्या सतरंजीवर सारजाबाई. ती फुलंब्रीकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली, नवऱ्यासोबत कामासाठी शहरात आलेली. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घ्यायलाही मेजाशी बाकवाले आधी, सतरंजी शेवटी. बाकावर बसू नको असं तिला कुणी म्हटलं नव्हतं, पण ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी बिचारी दोन वर्षं वाट पाहत होती.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी उपदेशात सगळ्यांना चांगलंच धारेवर धरलं. "मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी समेट करा. ज्याचं मन स्वच्छ असेल त्यानेच मेजाशी यावं. या!"

कुणी उठेना. अंगाच्या उबेने रंग चिकट झाला होता आणि बाकांनी माणसं धरून ठेवली होती. पण भर उपासनेत हे सांगणार कोण? पाळकसाहेबांचा चेहरा आधी खुलला, कारण आपल्या उपदेशाचा एवढा परिणाम त्यांनी कधी पाहिला नव्हता. मग तो उतरला.

"एकाचंही मन स्वच्छ नाही?" असं म्हणून त्यांनी नेमकं तात्यासाहेबांकडे रोखून पाहिलं.

तात्यासाहेबांना घाम फुटला. "बसूनच सांगतो, साहेब. मनकर्णाबाईंनी गीत धरलं की मी मुद्दाम पेटी वरच्या पट्टीत घेतो."

"ठाऊक आहे मला," मनकर्णाबाई म्हणाल्या. "म्हणून तर तुमच्या चहात मी साखर घालत नाही."

मागच्या बाकांवरही कबुल्या सुरू झाल्या. सारजाबाईला मात्र सतरंजीवरून मनकर्णाबाईंची साडीशी चाललेली ओढाताण दिसत होती. तिला राहवेना.

"आवो साहेब," ती ओरडली, "पाप नाय, रंग हाय!"

धावत येऊन तिने बाईंचा हात धरला आणि खेचलं. टर्र! बाई सुटल्या, पण साडीचा मागचा घेर बाकालाच राहिला. सारजाबाईने झटकन आपल्या अंगावरची घोंगडी अर्धी बाईंभोवती गुंडाळली.

"व्हा तुमी पुढं. माझी पाळी मागून."

"घोंगडी एक, बाया दोन! तू मागं राहिलीस तर माझी काय शोभा होईल? चल!"

अशा रीतीने त्या दिवशी मेजाशी सगळ्यांत आधी बाक आणि सतरंजी एकदमच पोचली. मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. हिचं नावही आपण कधी विचारलं नाही, या विचाराने त्यांना स्वतःची लाज वाटली.

निघताना त्यांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"सारजा."

"पुढच्या रविवारी जवळ बसू, सारजा."

कुठे, ते काही ठरलं नाही.

पुढच्या रविवारी सारजाबाई सगळ्यांच्या आधी आली. प्रभूचं नाव घेऊन पुढच्या बाकावर बसली. आनंदाच्या भरात बोट लावून पाहायचंही राहून गेलं. बराच वेळ झाला तरी बाई येईनात. बाई आपल्याला टाळतायत की काय? तिने भीत भीत मागे वळून पाहिलं. मनकर्णाबाई गेल्या रविवारी गुंडाळून नेलेली घोंगडी मांडीवर घेऊन सतरंजीवर बसल्या होत्या, शेजारी जागा धरून.

"आवो बाई, तिकडं कशापायी? म्या तुमच्याजवळ बसाया इथं आले!"

"अगं, आणि मी तुझ्याजवळ!"

"थांबा, म्या येते तिकडंच." सारजाबाई उठायला गेली आणि जागच्या जागीच राहिली. साडीच्या चिंध्या खरवडून बद्रीनाथने आदल्या दिवशी तेवढ्याच जागेवर पुन्हा रंगाचा हात मारला होता.

"बाई," ती कळवळून म्हणाली, "रंग हाय!"

"आले, आले," म्हणत मनकर्णाबाई घोंगडी उलगडत पुढे निघाल्या.