पेटीतील दाब एक राखण्याबाबत

दाबाशिवाय जगात कोणतीही वस्तू आपल्या जागेवर राहत नाही, हे सर्वमान्य आहे. चाक दाबामुळे फुगतं, नळाला पाणी दाबामुळे येतं आणि कर्मचारी दाबामुळे वेळेवर येतो. वाद असतो तो एवढाच, की दाब किती ठेवायचा, तो कोणी ठेवायचा आणि ठेवल्याची नोंद कुठे करायची. यांपैकी तिसऱ्या प्रश्नावर माणसाने सर्वांत जास्त प्रगती केली आहे, आणि त्या प्रगतीत एका संशोधन संस्थेच्या दुसऱ्या मजल्याचा वाटा मोठा आहे.

या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत पेटीवाल्या बाई बसत. (पेटी वाजवणाऱ्या नव्हेत. एका निरोप समारंभात गायला उभ्या राहिलेल्या लेखापालांनी त्यांच्याकडे सूर मागितला, तेव्हा हा खुलासा लेखी करावा लागला.) बाईंची पेटी संगणकात होती, नुसत्या आकड्यांची. तिच्यात पाण्याचे सहा हजार रेणू आणि मधोमध डोळ्याच्या भिंगातलं प्रथिन. हे प्रथिन उतारवयात गुठळी का धरतं आणि मोतीबिंदू कसा सुरू होतो, हे बाई तीन वर्षं पाहत होत्या.

संगणकाच्या आत हवा नसते, आभाळ नसतं. त्यामुळे पेटीवर बाहेरून दाब पडत नाही. तो सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून द्यावा लागतो. त्यासाठी चार नोंदी असतात. दाब किती, पाणी किती दबतं, लगाम कोणत्या पद्धतीचा आणि तो किती वेळात ओढायचा. दाब वाढला की पेटी जराशी फुगवायची आणि उतरला की जराशी आवळायची, या हिशेबाला मजल्यावर लगाम म्हणत.

या नोंदी निवडण्याची शास्त्रीय पद्धत संस्थेत चांगली रुजलेली होती. अकरा संशोधकांपैकी नऊ जणांनी आपल्या आधीच्या माणसाची फाइल उतरवून घेतली होती, दहाव्याने नवव्याची उतरवली होती आणि अकरावा रजेवर होता. लगाम ओढायची वेळ सगळ्यांकडे दोन होती. (सेकंदाचे लाख कोटी तुकडे केले, तर त्यातले दोन. घाईचं खातं आहे.) दोनच का, हे विचारत बाई एकदा मागे मागे गेल्या. प्रत्येकाने आपल्या आधीच्याकडे बोट दाखवलं. सर्वांत जुने गृहस्थ निवृत्त होऊन बागेला पाणी घालत होते. ते म्हणाले, "एक कमी वाटला, तीन जास्त वाटले." इतकं स्पष्ट उत्तर त्यानंतर संस्थेत कोणी दिलेलं नाही.

बाईंनी मग चार महिने घालवून सगळे आकडे तपासून पाहिले. दोन बरोबर निघाले. तेव्हापासून मजल्यावर त्यांच्याबद्दल थोडी नाराजी होती.

बाईंची नेमणूक महिनाअखेर संपत होती. मुदतवाढ मिळाली नाही, तर मशीन शेजारच्या खोलीला जाणार आणि प्रथिन अर्ध्यावर राहणार हे ठरलेलं होतं. गुठळी धरते तो नेमका क्षण अजून सापडायचा होता. मुदतवाढ नवे संचालक देणार होते. हे फार कर्तव्यदक्ष गृहस्थ होते. पूर्वीच्या संस्थेत त्यांनी सगळ्या खुर्च्या एका उंचीच्या करून घेतल्या होत्या.

पाहणीसाठी ते खोलीत आले आणि भिंतीवरच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. पडद्यावर एक रेघ वेड लागल्यासारखी वर-खाली उड्या मारत होती.

"हे काय?"

"पेटीतला दाब, सर."

"किती ठेवायचा असतो?"

"एक. आपल्या डोक्यावर हवेचा असतो तेवढा."

"आणि आहे किती?"

"सरासरी एक."

"सरासरी मी विचारलीच नाही, बाई. आत्ता किती आहे?"

बाईंनी वाकून पाहिलं. "आत्ता उणे दोनशे बारा."

संचालकांनी चष्मा पुसला. "उणे? म्हणजे पाणीच आपल्यावर दाब टाकतंय?"

बाईंनी शांतपणे समजावलं, की भांडंभर पाण्यात रेणू इतके असतात, की त्यांच्या धडका एकमेकींत मिटून जातात. इथे फक्त सहा हजार. चार जण एकदम धडकले की आकडा चढतो, चार जण बाजूला झाले की उतरतो. पाण्याचा हा स्वभावच आहे.

"स्वभाव घरी," संचालक म्हणाले. "रेणू वाढवा मग. मंजूर किती आहेत?"

"सहा हजार. दहा लाख केले तरी उड्या कमी होतील, थांबणार नाहीत. आणि मशीनला कित्येक वर्षं लागतील."

"मग आहेत त्यांच्याकडून नीट काम करून घ्या."

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. त्यातली मुख्य कलमं अशी:

१. पेटीतील दाब कार्यालयीन वेळेत एक राहील. (सुट्टीच्या दिवशी दीडपर्यंत सवलत.)
२. दाब उणे झाल्यास प्रत्येक वेळी लेखी खुलासा सादर करावा व त्यावर सचिवांची सही घ्यावी.
३. लगाम यापुढे विनाविलंब ओढण्यात यावा.
४. सहा हजारांपैकी वारंवार धडकणाऱ्या रेणूंची वेगळी यादी ठेवावी.

बाई हुकमाच्या पक्क्या. तिसऱ्या कलमानुसार त्यांनी लगामाची वेळ दोनवरून दोन-शतांशावर आणली. पेटी थरथरली, ताणली, आवळली, पुन्हा ताणली आणि साडेअकराच्या सुमाराला फुटली, म्हणजे हिशेब हाताबाहेर जाऊन बंद पडला. सचिवांनी तत्परतेने नोंद केली: "पेटी फुटली. जीवितहानी नाही." सचिव पंचवीस वर्षं नोकरीत होते आणि वाक्य तयार असणं म्हणजे काय, ते जाणत होते.

पेटी फुटल्याचा दोष कोणाचा, हे ठरवण्यासाठी उपसमिती बसली. तिच्यापुढे दोन प्रकारचे लगाम ठेवण्यात आले. एक मऊ लगाम: गडबड न करता पेटीला हळूहळू जागेवर आणतो, पण तिला मनासारखं फुगू-दबू देत नाही. दुसरा मोकळा लगाम: पेटी स्प्रिंगवर ठेवल्यासारखी हलते, सुरुवात वाईट झाली तर फुटूही शकते, पण पाणी खरोखर जेवढं फुगतं-दबतं तेवढं फुगू-दबू देतो. जाणकार आधी मऊ लावतात आणि पेटी स्थिरावली की मोकळा. बाईही तसंच करत. उपसमितीला ही द्विरुक्ती वाटली. एका कामाला दोन लगाम म्हणजे दोनदा खरेदी, असा मुद्दा भांडारपालांनी मांडला. (लगाम फुकट मिळतो, हे त्यांना सांगण्यात आलं. त्यावर, मग त्याचा दर्जा काय, असं त्यांनी विचारलं.) मऊ लगामाखाली पेटी किती शांत दिसते, हे पाहून सदस्य खूश झाले आणि तो कायम करावा अशी एकमुखी शिफारस झाली.

बाई मात्र जागच्या जागी बसून राहिल्या. गुठळी धरते तिथलं पाणी कसं फुगतं-दबतं, यावर त्यांचा सगळा शोध उभा होता. मऊ लगाम त्या पाण्याला श्वास रोखून उभं करणार होता. पाणी शिस्तीत दिसलं असतं आणि उत्तर चुकीचं आलं असतं. तसं काम करून मिळालेली मुदतवाढ घेऊन करायचं काय, आणि नाही म्हणून मशीन घालवायचं तरी कसं, हे त्यांना उमजेना.

दरम्यान दुसरं कलम लागू झालं होतं. शिफारस मंजूर होईपर्यंत बाईंनी फुटलेली पेटी जुन्या सेटिंगवर परत चालू केली. दिवसभरात दाबाच्या वीस हजार नोंदी झाल्या. त्यांपैकी उणे निघाल्या नऊ हजार नऊशे साठ. बाईंनी संगणकालाच खुलासे लिहायला लावलं. "दाब उणे झाला, कारण धडका कमी पडल्या. पुढच्या क्षणी सुधारणा झाली. दिलगीर आहे." असे नऊ हजार नऊशे साठ कागद हातगाडीवरून सचिवांच्या टेबलाशी आले. तीनशे बाराव्या सहीनंतर सचिवांनी मनगटाला पट्टी बांधली आणि जिना चढून वर आले.

"बाई, हे रोज येणार?"

"सुट्टीच्या दिवशीही. पेटी थांबत नाही."

"काहीतरी करा हो. एका कागदावर मावेल असं काहीतरी. माझी अडीच वर्षं राहिलीत."

त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या, तेव्हा सासरे मोरीतल्या नळाचा वायसर बदलत बसले होते. अप्पांची सगळी नोकरी शहराच्या पाणीपुरवठ्यात, पंपावर गेली होती. बाईंनी पिशवी ठेवली आणि पाना धरायला शेजारी बसल्या.

"अप्पा, पंपावर दाबाचा काटा हलायचा का हो?"

"हलणारच. पाणी आहे ते, भिंत आहे का? आमचा मात्र अकरा वर्षं नाही हलला. साडेतीनावर अडकला होता."

"मग?"

"मग काय, दर तासाला साडेतीन लिहायचो. स्वच्छ रजिस्टर म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं. कपाटावर आहे बघ ते."

"आणि लोकांना पाणी?"

"कधी यायचं, कधी नाही. रजिस्टरात रोज यायचं." अप्पांनी जुना वायसर उजेडात धरून पाहिला. "पुढे नवा काटा बसवला. तो लागला थरथरायला. महिन्यात तीन चौकश्या झाल्या माझ्या. आधी बरा चालायचा, आता काय बिघडवलंत, म्हणे."

"काय केलंत मग?"

"दोन वह्या केल्या. एकीत काट्याचं खरं, तासातासाचं. पंप तिच्यावर चालवायचो. साहेबाला दिवसभराची बेरीज करून, भागून, एक आकडा द्यायचो. खोटं एक अक्षर नाही त्यात. साहेब खूश, आणि लोकांना पाणीही यायला लागलं."

"कोणी विचारलं नाही, हा आकडा कसला म्हणून?"

"आकडा सरळ असला की कोण विचारतंय, पोरी? तो पाना दे इकडे."

मुदतवाढीच्या बैठकीला बाई एकच कागद घेऊन गेल्या. त्यावर एकच रेघ होती. पहिल्या क्षणापासून त्या त्या क्षणापर्यंतच्या सगळ्या दाबांची सरासरी. सुरुवातीला ती थोडी वळवळत होती आणि पुढे आखल्यासारखी एकावर चालली होती. खाली ठळक अक्षरांत "चालती सरासरी" असं लिहिलेलं होतं. बाईंनी ते वाचूनही दाखवलं.

संचालकांनी कागद हातभर लांब धरला. "सुरुवातीला ही वळवळ कसली?"

"पेटी स्थिरावतानाची, सर. तेवढा भाग सगळेच वगळतात."

"मग वगळा की." बाईंनी कागदाची तेवढी कड दुमडल्यावर त्यांनी रेघेवर पट्टी ठेवून पाहिली. "उत्तम. आणि लगाम?"

"आधी मऊ, मग मोकळा. पूर्वीसारखाच."

भांडारपालांनी तोंड उघडलं, पण संचालकांनी हात वर केला. "रेघ सरळ आहे ना? मग लगाम कोणता का असेना."

सचिवांनी पट्टी बांधलेल्या हाताने, पण मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "दाब एक. समाधानकारक. मुदतवाढ दोन वर्षे." बाईंनी एकच वर्ष मागितलं होतं.

चौथ्या महिन्यात गुठळी धरण्याचा क्षण सापडला. त्या क्षणी पेटीतला दाब उणे दोनशे साठ होता. बाईंच्या शोधनिबंधात तो तसाच छापला गेला, संस्थेच्या वार्षिक अहवालात एक असा. दोन्ही कागद खरे होते आणि दोन्हींचं कौतुक झालं.

चालत्या सरासरीचा उपयोग मग इतरत्रही होऊ लागला. लेखापालांनी हजेरीची सरासरी संस्था स्थापन झाल्यापासून काढली, तेव्हा आजवर कोणीच उशिरा आलेलं नाही असं आढळलं. लिफ्ट बंद होती, पण सरासरीत ती दीड मजला चढत होती. तक्रारपेटी उघडली तेव्हा दर दिवसाला पाव तक्रार निघाली. पाव तक्रारीची दखल घेण्याची तरतूद नियमात नसल्याने तक्रारपेटीच बंद करण्यात आली. संस्थेत आता सगळं समाधानकारक आहे.

तुम्ही म्हणाल, बरं झालं, असले संचालक आमच्या वाट्याला आले नाहीत. आले नसतीलही. पण आज सकाळी जिन्यात शेजाऱ्यांनी तुम्हाला विचारलं, "काय, कसं काय चाललंय?" त्या क्षणी तुमचा आकडा काय होता, तो तुमचा तुम्हाला ठाऊक. तुम्ही म्हणालात, "ठीक आहे." शेजारी खूश होऊन खाली गेले, आणि तेही ठीक असल्याचं तुम्ही तिथल्या तिथे मान्य करून टाकलंत.