पाच फूट तीन

लेकीचं लग्न जमवताना आईनं तिची उंची चार इंचांनी वाढवून सांगितली होती. सौदा फायद्याचा होता: नुसते तोंडी चार इंच, आणि बदल्यात उंचापुरा, निर्व्यसनी, कायम नोकरीचा जावई.

तीन वर्षांनी, सिझेरियनच्या सकाळी, भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई फाईल घेऊन खोलीत आल्या. लेक खाटेवर, उशाशी आई, शेजारी सासू, पायथ्याशी जावई.

"पाच फूट तीन?" डॉक्टरीणबाईंनी फाईलवरून खाटेकडे पाहिलं. पायांच्या पुढे बरीच गादी उरली होती. "नक्की?"

"नक्की," लेक म्हणाली. सवयच झाली होती.

"पाठीतल्या इंजेक्शनची मात्रा मी उंची बघून ठरवते हं. ठेंगण्या बाईला उंच बाईची मात्रा गेली, तर बधिरपणा छातीच्या वर चढतो. श्वास घेणं जड जातं."

आईच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावं तर विहीणबाईंसमोर नाक कापलं जाणार, न बोलावं तर लेकीचा श्वास.

"डॉक्टर, जरा बेतानंच टोचा ना," ती कुजबुजली.

"काकू, भाजीत मीठ घालतेय का मी? कमी पडलं तर पोट कापताना कळेल तिला!"

आईनं डोळे मिटले. "चार फूट अकरा! मीच वाढवली. पोरीचा काही दोष नाही हो, विहीणबाई!"



"इश्श, ते होय," सासू म्हणाली. "मला पहिल्याच आठवड्यात कळलं. फडताळातला डबा काढायला गेली, ती स्टूल घेऊन."

"मला त्याच्याही आधी," जावई पुटपुटला.

डॉक्टरीणबाई भडकल्या. "मग आत्ता मूग गिळून काय बसला होतात?"

"तिला वाईट वाटलं असतं," जावई म्हणाला.

"आणि श्वास अडकला असता तर बरं वाटलं असतं?"

मात्रा बदलली. पण टोचायच्या वेळी लेकीची पाठ वाकेचना.

"एवढी कशानं आखडली?" नर्सनं विचारलं.

"सपाता," लेक म्हणाली. "उंच टाचांच्या. घरातसुद्धा, उठल्यापासून झोपेपर्यंत."

तिसऱ्यांदा सुई बसली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. आईची लाज राहिली, सासूचं मन मोठं ठरलं, जावई बाप झाला. तीन वर्षांत फसलं कुणीच नव्हतं; कंबर मात्र एकटीची गेली.