मावशीने मरायचं नाही

रविवारी जेवताना ऑपल मावशीने मक्याच्या पावावर लोणी लावता लावता सहज सांगितलं, की आपल्यामागे व्हर्जिलला अकरा हजार डॉलर मिळतील असं तिने मृत्युपत्रात लिहिलं आहे. व्हर्जिलने हातातला घास ताटात परत ठेवला.

खात्यात दोन हजारांच्या वर गेलं की त्याचा अपंगांचा भत्ता बंद होणार होता, आणि त्याच्यामागोमाग सरकारी वैद्यकीय मदतही. त्या मदतीतूनच लॉरेन नावाची बाई रोज सकाळी सातला येऊन त्याला पलंगावरून उचलून चाकांच्या खुर्चीत बसवत असे. ती यायची थांबली, तर छताकडे बघत पडून राहायचं, एवढंच त्याच्या हातात होतं.

"मावशी, माझं नाव काढून टाक. मला एक दमडी नको."

मावशीचे डोळे भरून आले. बाकीचे भाचे घरावर डोळा ठेवून वर्षानुवर्षं तिचं कुंपण रंगवत होते. नको म्हणणारा हा पहिलाच. पुढच्या रविवारी तिने अकराचे बावीस केले.

त्याने सगळा नियम समजावून सांगितला. "पैसे आले म्हणून सरकार कुणाला शिक्षा करतं होय?" मावशी म्हणाली. "धड खोटंही बोलता येत नाही रे तुला." वकील गाठून, पैसे त्याच्या नावावर न येता एखाद्या ट्रस्टमध्ये ठेवण्याचा मार्ग होता, पण घटस्फोटापासून वकील हा शब्दही तिला खपत नसे. मृत्युपत्रसुद्धा तिने स्वतःच्याच हाताने लिहिलं होतं. शेवटी व्हर्जिलने भत्त्याच्या कार्यालयात फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकवून तिथल्या बाईने सांगितलं, की वारसा नाकारला तरी ते पैसे मुद्दाम वाटून टाकल्यासारखंच धरतात, आणि भत्ता तेव्हाही थांबतो. म्हणजे घेतले तरी पंचाईत, नाकारले तरी पंचाईत.

उरला एकच उपाय. मावशीने मरायचं नाही.

मावशी अठ्ठ्याहत्तरची, रोज एक पाकीट सिगारेट ओढणारी. त्याने तिची सिगारेट सोडवली, मीठ तोडलं, तिला डॉक्टरकडे धाडलं. रोज सकाळी तो फोन करायचा आणि चौथ्या घंटेपर्यंत तिने उचलला नाही तर लगेच पुन्हा लावायचा. चर्चमध्ये बायका आपल्या मुलांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या. त्याला मात्र मावशीच्या प्रत्येक खोकल्यात लॉरेनचा निरोप समारंभ ऐकू येई.

ऑक्टोबरात डॉक्टर म्हणाले, काळीज पन्नाशीतल्या बाईचं आहे, वीस वर्षं कुठे जात नाही. त्या दिवशी व्हर्जिल पोटभर जेवला.

सोमवारी मावशी कागद घेऊन दारात उभी. "तुझ्या मायेनेच मी जगले. मग मरेपर्यंत कशाला थांबायचं? आज घर तुझ्या नावावर केलं."

व्हर्जिल पांढराफटक पडला. त्याने लगेच कार्यालयाचा नंबर लावला. त्याच बाईने शांतपणे सांगितलं, "राहतं घर आम्ही धरत नाही. पण तुम्ही स्वतः त्यात राहायला हवं."

त्याने इतका मोठा सुस्कारा सोडला की मावशीने विचारलं, काय झालं. त्याने सांगितलं.

"मग त्यात काय? खाली खोली रिकामीच आहे," मावशी म्हणाली. "लॉरेनला सांग, उद्यापासून तिकडे यायचं. आणि पाचला. मी पाचला उठते, नंतर घरात कुणी लोळलेलं मला चालत नाही. बिनमिठाचं दोघांना मिळूनच करत जाईन."

व्हर्जिलने मनातल्या मनात बेरीज केली. वीस वर्षांनी तो एकाहत्तरचा होणार होता.